माहेर तेच, सासर तेच

माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालं. हे वाक्य मी पुण्याकडच्या कुणापुढे बोलले की समोरच्याचा चहा घशात अडकतो. माझा नवरा मूळचा पुण्याचा, नोकरीसाठी चेन्नईत आला आणि इथलाच झाला. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा त्याच्या आईने त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, की हे लोक नक्की मराठीच ना. आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलो, त्यात आमची मराठी जुनी राहिली, हेल तमिळ झाला, आणि लग्नाच्या बाबतीत आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच रीत उचलली. थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाने करायची. मुलगी घरातच राहते, हुंड्याची कटकट नाही, सासू ओळखीची. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वावगं वाटायला बाहेरचं कुणीतरी लागतं, आणि बाहेरचं कुणी आमच्यात येतच नव्हतं.

आईचं लहानपण कुंभकोणमला गेलं. सुट्टी लागली की ती तंजावरला आजोळी जायची. आजी तिला मांडीवर बसवून वेणी घालायची, मामा सायकलवरून फिरवायचा, धाकटी मावशी पाढे पाठ करून घ्यायची. मग एका उन्हाळ्यात त्याच घरात ती सून म्हणून आली. आमच्या लोकांचा कायदा असा, की लग्न झालं की नवं नातं जुन्या नात्यावर बसतं आणि जुनं पुसून टाकायचं. मामाला मामा म्हणायचं नाही, कारण तो आता नवरा. आजीला आजी म्हणायचं नाही, त्या सासूबाई. मावशी एका दिवसात वन्सं झाली. आई सांगायची, पहिल्या दिवाळीला तिच्या तोंडून सवयीने "आजी, भूक लागली" असं गेलं आणि पंगतीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानंतर तिची जीभ कधी चुकली नाही. मरेपर्यंत ती त्या बाईला माझ्या सासूबाई असंच म्हणत राहिली.

ती मावशी, म्हणजे बाबांची बहीण, म्हणजे माझी आत्या. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही ते कुणी सांगितलं नाही आणि तिला विचारायची आमची छाती नव्हती. गणित शिकवायची. बाबांना मद्रासला कारकुनी मिळाली, आम्ही अड्यारला आलो, आणि आत्या शहराबाहेरच्या तांबरमला एका मुलींच्या शाळेत लागली. तिथेच तिने छोटं घर बांधलं, पुढे ओसरी, मागे अंगण, शेवगा आणि विहीर.

माझं बालपण कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी अड्यार म्हणणार नाही, मी आत्याचं मागचं अंगण म्हणेन. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई मला तिच्याकडे सोडायची. तेव्हाचं तांबरम म्हणजे ताडाची झाडं, तळी आणि मध्येच डोक्यावरून घरघरत जाणारी हवाई दलाची विमानं. ओसरीवर शिकवणी घेताना विमान आलं की आत्या वाक्य अर्ध्यावर थांबवायची, खडू हातात तसाच धरून वाट पाहायची आणि विमान गेलं की अर्ध्या वाक्यापासूनच पुढे सुरू करायची. एरवीही तेच. मला रागावताना विमान आलं तर राग तेवढा वेळ हवेत लटकून राहायचा. मला त्या विमानांचा फार आधार वाटायचा.

सकाळी रात्रीच्या भातात ताक घालून, वर छोटे कांदे आणि मीठ. दुपारी गोळा आंबटी, म्हणजे डाळीचे गोळे सोडलेली आंबट आमटी, किंवा डांगर पचडी. डांगर पचडी म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ ताकात कालवून वर फोडणी, इतकं सोपं. पण आत्याच्या हातची चव मला आजवर साधलेली नाही. रात्री नाचणीची कांजी. गोड सणासुदीलाच. संध्याकाळी ती मला घेऊन चालायला निघायची, शाळेपर्यंत, तळ्यापर्यंत, कधी स्टेशनापर्यंत आणि परत. तिची चाल अशी की मला पळावं लागे. वाटेत ती तोंडी हिशोब घालायची आणि उत्तर चुकलं की पुढचा अधिक अवघड. मी दमले म्हटलं तर म्हणायची, "पाय दमले, डोकं नाही की. सांग." घरी येऊन ती विहिरीचं पाणी अंगावर घ्यायची आणि मी ओसरीवर लोळत तिच्या साबणाचा वास घेत पडायची. ते दिवस मला इतके आवडतात, की त्यांच्याबद्दल लिहिताना मी जरा जास्तच गोड लिहिते हे मला माहीत आहे. नवरा म्हणतो, तुझ्या आठवणीत तांबरमला डास नव्हते. होते. पण मला चावले असतील तरी आठवत नाहीत.

आईच्या छातीत गाठ निघाली तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. तपासायला बसलेले डॉक्टर वयस्कर, शांत, तमिळ गृहस्थ. आई, बाबा आणि मी समोर बसलो होतो. त्यांनी विचारलं, तुमच्या घराण्यात कुणाला असा आजार होता का. आई म्हणाली, "आमच्यात नाही. माझ्या सासूबाईंस होता." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. सासूचा आजार सुनेला कशाला येईल. बरोबरच होतं त्यांचं. बाबा शेजारीच बसले होते. आपली आई ही आपल्या बायकोची आजी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण त्यांनाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, आणि मलाही नाही. त्या खोलीत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या दृष्टीने ती सासू होती. लग्नाने जे पुसलं होतं ते इतकं स्वच्छ पुसलं होतं.

त्या काळी ते कळून आईसाठी फार वेगळं काही झालं असतं असं नाही. तिचं दुखणं पुढे गेलेलं होतं. ती गेली तेव्हा तिच्या साड्या वाटताना आत्याने एकही घेतली नाही. म्हणाली, "लहानपणीं तिजला मीच नेसवत होते, आतां मी कशास नेसू." एवढं बोलून ती मागच्या दारी गेली. तिला रडताना मी तेव्हाही पाहिलं नाही.

मग माझी पाळी आली. माझ्या वेळी मशिनं चांगली होती आणि माझा नवरा तपासणीच्या बाबतीत पक्का कटकट्या माणूस, त्यामुळे लवकर सापडलं. शस्त्रक्रिया, औषधं, केस जाणं, केस येणं, हे सगळं होऊन मी आज इथे बसून लिहिते आहे, त्यामुळे त्याबद्दल अधिक सांगत नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं. डॉक्टरीणबाईंनी मला अनुवंश समुपदेशक म्हणजे घराण्यातल्या आजारांचा माग काढणारी जी मुलगी असते, तिच्याकडे पाठवलं. मुलगी म्हणजे खरंच मुलगी, माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. तिने कोरा कागद पुढे ओढला, बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, आणि मला तमिळमध्ये विचारलं, आईकडून सुरू करू की वडिलांकडून?

मला हसू आलं. मी म्हटलं, कुठूनही सुरू कर, एकाच घरात जाऊन पोचशील.

तिला आश्चर्य वाटलं नाही. तमिळनाडूत हे काम करणाऱ्याला अशी घराणी रोजची. तिने आई आणि बाबांच्या मध्ये एका रेघेऐवजी दोन समांतर रेघा ओढल्या. रक्ताच्या नात्यात लग्न झालं की तशी खूण करतात. मग ती वर वर गेली आणि तंजावरच्या त्या बाईच्या गोलाशी थांबली. कोण या? मी म्हटलं, माझी आजी, बाबांची आई. आणि ओठांवर सवयीने पुढचं आलं, आईच्या सासूबाई. मुलीने पेन उचललं आणि तिथून आईपर्यंतची दुसरी वाटही ओढली. आजी ते तिची थोरली मुलगी, तिथून आई. सरळ, रक्ताची वाट. मी त्या कागदाकडे बघत राहिले. आईचं ते वाक्य मला त्या क्षणी पुन्हा ऐकू आलं, आमच्यात नाही, सासूबाईंस होता. इतकी वर्षं आम्ही ज्या बाईला सासरची म्हणत होतो ती आईच्या माहेरची सगळ्यात जवळची बाई होती. मला राग आला. कुणावर, ते कळेना. रीतीवर रागावून काय होणार, ती समोर बसत नाही.

मुलीने समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत मोडतोड रोज होते आणि ती नीट करणारे दुरुस्तीवाले आत बसलेले असतात. या एका कामाचे दोन दुरुस्तीवाले, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. काही घराण्यांत त्यातला एक जन्मापासूनच कुचकामी असतो. दुसरा एकटा काम ओढतो आणि बहुतेक वेळा ओढून नेतो. पण एखाद्या पेशीत तोही बसला, की मोडतोड साठते आणि गाठ होते. नातेवाइकांत लग्न झाल्यामुळे हे वाढतं असं नाही, तिने मुद्दाम सांगितलं, कारण लोकांना तसंच वाटतं. असा कुचकामी दुरुस्तीवाला एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. आणि बापाकडूनही येतो. हे छातीचं दुखणं बायकांचं म्हणून ते बायकांच्याच वाटेने येतं असं समजून बापाकडची माणसं कुणी मोजत नाही.

मग दुसऱ्या दुरुस्तीवाल्यावर ताण कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो? वय, अंगातले संप्रेरक, चाळिशी-पन्नाशीत चढणारं वजन, दारू, बसून बसून जाणारे दिवस. दुसऱ्या बाजूला मूल अंगावर पाजणं, हालचाल, बेताचं खाणं. यातलं काही आपल्या हातात, काही नाही. दोन्ही मिळून ठरतं, ती म्हणाली, आणि तरी पूर्ण ठरत नाही.

माझ्या रक्तात तो कुचकामी दुरुस्तीवाला निघाला. म्हणजे माझ्या मुलीत असण्याची शक्यता अर्धी. नाणं उडवल्यासारखी. ती जन्माला आली तेव्हाच ते नाणं पडून गेलं होतं, आम्ही फक्त मूठ उघडून बघितली नव्हती. मूठ उघडायची तर तिचं रक्त हवं होतं, आणि ती देत नव्हती.

माझी मुलगी शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी कंपनीच्या बसने जाते, दिवसभर थंडगार खोलीत बसते, जेवण फोनवरून मागवते आणि परत येताना बसमध्येच झोपते. तिची मराठी म्हणजे बापाची थोडी, माझी थोडी आणि बाकी तमिळ-इंग्रजी. घाबरली की ती विनोद करते. मी टेस्टचं काढलं की म्हणायची, "आई, रिझल्ट आला की मी काय करणार? रिटर्न करता येतं का?" मग एकदा विनोद संपले आणि ती सरळ बोलली. "असेल तर आहे. मला माहीत नाही तोपर्यंत मी नॉर्मल आहे. माहीत झालं की मी पेशंट." मी तिला सांगायला लागले, की पेशंट नाही, माहीत झालं तर दरवर्षी नीट तपासता येईल, वेळेवर सापडेल, माझं सापडलं तसं. ती उठून आत गेली. या पोरीला मी अंगावर पाजून वाढवलं, आणि आता तिला एक सुई टोचून घे म्हणून समजावता येत नव्हतं. मला त्या दिवसांत तिच्यासाठी इतकी भीती वाटायची, की तिच्या बंद दाराकडे बघून मी नुसती उभी राहायची.

समुपदेशक मुलगी म्हणाली होती, घरातलं वडीलधारं कुणी हयात असेल तर त्यांचंही रक्त तपासू, कोणत्या वाटेने आलं ते कळेल. बाबाही गेले होते, हयात एकटी आत्या होती. ऐंशीच्या पुढची, तांबरमला एकटीच राहणारी, शेजारची बाई दोन वेळा डोकावून जाणारी. मी फोन केला तेव्हा तिने शांतपणे ऐकलं. "सुई एकच ना? सेरी, येते," म्हणाली, सेरी म्हणजे बरं, आणि लोकल पकडून स्वतः आली. टॅक्सी पाठवते म्हटलं तर तिने माझा अपमान केला.

आत्याचा रिझल्ट आला. तिच्यातही होता.

मी ते दोनदा वाचलं. ती बाई जन्मभर तो घेऊन वावरली होती आणि तिला साधा ताप येऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं. कळवल्यावर तिलाच अपमान झाल्यासारखं झालं. "इतकीं वर्षं घरात राहिला आणि एकदा तोंड दाखवलं नाही," म्हणाली, भाडेकरूबद्दल बोलावं तसं.

आणि माझं डोकं फिरलं ते इथे. आनंदाने फिरलं. मला वाटलं, उत्तर मिळालं. तोच कुचकामी जीन आईला, तोच मला, तोच आत्याला. फरक काय, तर आत्याचं जगणं. ते चालणं. ती कांजी. ते ताक-भात, ती विहीर, दिवेलागणीला जेवून लवकर निजणं. माझं अख्खं बालपण मला औषध म्हणून परत मिळालं होतं. मी नाचणी आणली. पितळी उखळ माळ्यावरून काढलं आणि नवऱ्याने ते लगेच परत ठेवलं. मुलीच्या डब्यात ताक-भात जाऊ लागला. रोज पहाटे मी तिला बीचवर चालायला नेऊ लागले. समुपदेशक मुलीला मी उत्साहाने हे सगळं सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, चालणं, वजन, खाणं, यांनी धोका थोडा उतरतो, करा, चांगलंच आहे. पण तुमच्या आत्यांना मूल झालं नाही, मूल पाजलं नाही, ते उलट्या बाजूला जातं. एका माणसावरून काही सांगता येत नाही. हा जीन असलेल्या प्रत्येकीला आजार होतोच असंही नाही. तपासणी मात्र सोडू नका. मी मान हलवली आणि मनातल्या मनात तिला म्हटलं, तू तांबरमचं ते अंगण पाहिलेलं नाहीस.

गंमत अशी, की माझं म्हणणं पटलं ते फक्त माझ्या मुलीला. तिला तर ते भलतंच पटलं. ती चालायला लागली, बाहेरचं खाणं तोडलं, फोनमध्ये पावलं मोजायला लागली, गालावर रंग आला. आणि एक दिवस म्हणाली, "आई, बघ, आत्याआजी टेस्ट न करता ऐंशीच्या पुढे गेली. मी तिच्यासारखं राहते. मग टेस्ट कशाला?" तिला हे शस्त्र मीच घासून पुसून हातात दिलं होतं.

त्या रविवारी आम्ही दोघी तांबरमला गेलो. आता तिथे तळ्यांच्या जागी फ्लॅट आहेत आणि ताडाची झाडं शोधावी लागतात, पण विमानं अजून जातात. आत्याने डांगर पचडी केली होती. हात थरथरतो, फोडणी थोडी जळली होती, तरी मी बोटं चाटली. जेवण झाल्यावर मुलीने तिला फोनमधली पावलं दाखवली आणि कौतुकाने म्हणाली, "आत्याआजी, मी तुझ्यासारखं रोज चालते. तुमच्या काळात सगळं किती हेल्दी होतं ना."

आत्याने चष्मा काढला. "मी चालत होते ते बस वेळेस येत नव्हती म्हणून," ती म्हणाली. "नाचणी खात होते ते रेशनचा तांदूळ किडका होता म्हणून. हेल्दी म्हणे. काय गो, तुझी आई सांगते का हें?"

मी पुढच्या दाराकडे बघू लागले.

"ही अम्माबद्दल सांगते का तुज?" आत्याने विचारलं. अम्मा म्हणजे तिची आई, तंजावरची, कागदावरचा तो वरचा गोल. मुलीने मान हलवली, नाही. मीही त्या बाईबद्दल फार काही ऐकलं नव्हतं. ती माझ्या जन्माआधीच गेली आणि आई तिच्याबद्दल बोलली तर सुनेसारखं मोजकंच बोलायची.

"माझी अम्मा मजपेक्षा जास्ती चालत होती," आत्या म्हणाली. "नदीवर जाऊन पाणी आणत होती. उखळात कांडत होती. आम्हां सगळ्यांस अंगावर पाजली. हिच्या बापास तर तो धोतराच्या सोग्यास लोंबकळत चालायला लागला तरी पाजत होती. गोड नाही, तेल नाही, उरलं तेवढं खात होती. तुमचं ते हेल्दी सगळं तिच्यापाशीं होतं." वरून एक विमान गेलं. ती थांबली. विमान गेल्यावर तिथूनच पुढे बोलली. "आणि तिच्या छातीस गांठ होती. पदर घट्ट आवळून घेत होती. वास यायला लागला तेव्हां तिने धूप घालायला सुरू केलं. रोज संध्याकाळीं धूप. बाप म्हणायचा, बाईस देवाचं फार. मी तिच्या बाजूस निजत होते. कोणी पुसलं नाही गो. तिने दाखवलं नाही. लाज म्हणून. दाखवायचं कोणास? सगळ्यांस कळलं तें ती अंथरुणास लागल्यावर."

मुलीने फोन उलटा करून पाटावर ठेवला होता.

"मी राहिले तें कशाने राहिले मज ठाऊक नाही," आत्या म्हणाली. "चालल्याने असेल, देवाने असेल, उगीच असेल. अम्माच्या वेळेस बघायला कोणी नव्हतं. तुज बघणारे इतके आहेत. तूं पदर कशास आवळतेस, कण्णा?"

मला माझ्या सुट्ट्यांचं ते अंगण आठवलं आणि त्याचा जरा राग आला. मी तिथे इतक्या आनंदात लोळत होते, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या डोक्यात तो धुपाचा वास होता. तिने मला एकदाही सांगितलं नव्हतं. कदाचित म्हणूनच मला ते दिवस इतके गोड वाटतात.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीशी बसली. सैदापेट स्टेशन गेलं. मग म्हणाली, "आई, आत्याआजीने पण आता ते मॅमोग्राम करायला पाहिजे ना? या वयात पण?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाल्या आहेत, एकदा दाखवून जा. ती म्हणाली, "मग आम्ही दोघी जाऊ. तू येऊ नकोस. तू रडतेस." आणि पुढच्या आठवड्यात त्या दोघी खरंच गेल्या. आत्याने आयुष्यात प्रथमच कुणासमोर पदर बाजूला केला. परत आल्यावर मुलीने सांगितलं, की आत्या आत जाताना तिचा हात घट्ट धरून होती, आणि बाहेर येऊन म्हणाली की मशीन फार गार होतं. आत्याची तपासणी निर्मळ आली. मुलीने त्याच दिवशी शेजारच्या खोलीत रक्त दिलं होतं, ते मला घरी आल्यावर कळलं.

वाट बघण्याचे ते दिवस मी कसे काढले ते लिहून काही उपयोग नाही. ज्यांनी काढले आहेत त्यांना माहीत आहे. रिझल्टच्या दिवशी ती सुट्टी घेऊन घरी होती. समुपदेशक मुलीने आम्हाला बोलावलं, समोर बसवलं आणि फार वळणं न घेता सांगितलं. तिच्यातही आहे. मग दरवर्षी कोणती तपासणी, कुठल्या वयापासून काय, पुढे मुलंबाळं झाल्यावर शस्त्रक्रियेचे कोणते निर्णय, वजन, चालणं, दारू नको, संप्रेरकांच्या गोळ्या घेण्याआधी विचार, हे सगळं नीट सांगितलं. माझी मुलगी ऑफिसच्या मीटिंगसारखी सगळं लिहून घेत होती. मधूनमधून प्रश्न विचारत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

घरी येऊन तिने पहिला फोन तिच्या बापाला केला नाही, मैत्रिणीला केला नाही. आत्याला केला. आत्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"आत्याआजी, माझ्यात पण आहे," ती म्हणाली. ती इतकी स्वच्छ मराठी क्वचित बोलते.

पलीकडून फोनात नुसती घरघर आली. मला वाटलं, विमान आलं असेल.

मग आत्या म्हणाली, "सेरी. तर मग ऐक. तुज जें आलंय तें माझं आलंय म्हणून समज. अम्माचं नव्हे. माझं."

जीनला असं इकडचा-तिकडचा करता येत नाही हे मला माहीत होतं, माझ्या मुलीला तर माझ्याहून चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, "बरं, आत्याआजी, तुझं." आणि मग फोन तसाच हातात धरून ती खाली जमिनीवर बसली आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडली. आत्या पलीकडून ऐकत राहिली. मी तिच्या शेजारी खाली बसले.